कठड्यातला एक गज

माझे सासरे किचिझो यांनी आयुष्यभर लोकांना वरच्या मजल्यावरून खाली उतरवलं. देवाची पालखी रस्त्याने चालली असताना ती वरून बघायची नाही, ही आमच्या आसाकुसा भागातली जुनी रीत. देव खाली आणि आपण त्याच्या डोक्यावर, हे चालत नाही. पालखी यायची वेळ झाली की जुन्या घरांतले सगळे वरच्या खिडक्यांच्या लाकडी झडपा ओढून घेतात आणि खाली दारात येऊन उभे राहतात. आता देवळाच्या आसपास उंच हॉटेलं झाली. त्यातले पाहुणे दहाव्या मजल्यावरून मोबाईल काढून बघतात, त्यांना कोण काय बोलणार? आमचे सासरे बोलायचे. हातात इशाऱ्याच्या टिपऱ्या घेऊन पालखीच्या पुढे चालताना मध्येच थांबायचे आणि हॉटेलच्या काचांकडे मान वर करून ओरडायचे. वरच्यांना ते ऐकूही जात नसे, तरी यांचं चालूच.

मला तर त्यांनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी उतरवलं. मी निगाताकडची, बर्फातल्या गावची. आमच्याकडे देव आहेत, पालख्या आहेत, पण घरं अशी लांब लांब की वरून बघायचा प्रश्नच येत नाही. मे महिना होता. मी वरच्या कठड्यावर कपडे वाळत घालत होते, आरोळ्या ऐकू आल्या म्हणून वाकून बघितलं. झालं. सासऱ्यांनी दोन्ही टिपऱ्या एका हातात घेतल्या, दुसरा हात वर करून अख्खी पालखी थांबवली आणि गल्लीभर माणसांसमोर म्हणाले, "फुसाए, खाली हो." एवढंच. मी तशीच, तोंडात कपड्यांचा चिमटा धरून, जिना उतरले. पुढे कितीतरी वर्षं माझी ओळख करून देताना लोक 'देवाच्या डोक्यावर उभी राहिलेली ती निगाताची सून' असंच म्हणायचे. ते मी विसरले नव्हते. विसरायला मी काही संत नाही.

आणि बघा, शेवटी तेच सासरे वरच्या मजल्यावर अडकले.

आमचं घर म्हणजे खाली ताबीचं दुकान आणि वर दोन खोल्या. ताबी म्हणजे अंगठा वेगळा असलेले कापडी मोजे. पालखी वाहणारे, नाचणारे, देवळातले, सगळे तेच घालतात. हल्ली दुकानात येणारे पाहुणे मांजराचं चित्र असलेले मोजे आहेत का विचारतात, आणि नाहीत म्हटलं की माझा फोटो काढून जातात. माझा नवरा नोबुआकी आठ वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून दुकानात मी, सासरे आणि आमची भांडणं. टाका जवळ पडला, टाका लांब पडला, चहा गार आहे, चहा तोंड भाजेल असा आहे. माणूस एकटं पडत नाही अशा घरात, हे खरं.

त्या हिवाळ्यात सकाळी अंथरुणातून उठता उठता त्यांच्या पाठीचे मणके दबले. डॉक्टर घरी आले, म्हणाले, नव्वदीच्या घरातली हाडं आहेत, यांना आता सरळ झोपवून ठेवा. बसवायचं नाही, वाकवायचं नाही. खाली येताना दुकानात मला हळूच म्हणाले की हृदयही थकलंय, पुढच्या वर्षाचं काही सांगता येत नाही. आमचा जिना शिडीसारखा उभा आणि मध्ये वळणाचा. बसलेल्या माणसाला पाठुंगळीला मारून नेता येईल, पण आडवा माणूस त्या वळणातून जात नाही. तेव्हा भाड्याने दवाखान्यासारखी उंच खाट आणली, ती सुटी करून वर चढवली आणि खिडकीशी मांडली. तिथून त्यांना समोरच्या तांदळाच्या कुरकुरीत चकत्यांच्या दुकानाची पाटी दिसायची. पाटीवर धूळ साचलीय, त्यांना पुसायला सांग, असं मला रोज ऐकावं लागे.

उत्सवाच्या आदल्या गुरुवारी माझी नणंद हिसायो योकोहामाहून आली. हातात पेटीत घातलेलं खरबूज आणि तोंडात सल्ले. वन्सं मनाने वाईट नाहीत. पण त्या आल्या की माझ्या स्वयंपाकघरातल्या बरण्यांच्या जागा बदलतात. खरबूज कापायच्या आधीच त्यांनी जाहीर केलं की शनिवारी बाबांना पालखी दाखवायची. अग्निशमन दलाला फोन करायचा, ते लोक शिडी लावून खिडकीतून माणसाला अलगद खाली उतरवतात, त्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं.

सासरे छताकडे बघत म्हणाले, "खिडकीतून मी एकदाच जाणार आहे. तेव्हा मला काही दिसणार नाही आणि कुणाची लाजही वाटणार नाही."

मग मला म्हणाले की शनिवारी पालखी गल्लीच्या तोंडाशी आली की झडपा पूर्ण लावून घ्यायच्या, फट ठेवायची नाही. मी विचारलं, म्हणजे नुसतं ऐकणार? म्हणाले, ऐकून पुरतं. लहानपणापासून एवढं पाहिलंय, नाही पाहिलं एक वर्ष तर काय बिघडतं. एक वर्ष म्हणाले. 

संध्याकाळी मी त्यांचं अंग पुसत होते. चादर बाजूला केली तर त्यांची दोन्ही हातांची बोटं मांडीवर आपटत होती. टिपऱ्यांचा ठेका. आधी सावकाश, मग भरभर, मग थांबून दोन. मी बघतेय हे कळलं तशी मूठ मिटून घेतली. मला राग आला. हट्टी म्हातारा. बघायचंय, जीव तुटतोय, आणि स्वतःच घातलेल्या दावणीला बांधून घेतलंय.

वन्सं खाली माझ्या कानाशी लागल्या की झडप उघडी ठेवू, कोण बघायला येतंय. मी म्हटलं, ते स्वतःच बघणार आहेत ना. देवाला वरून पाहिलं हे त्यांनी उरलेले सगळे दिवस उगाळलं असतं. त्यापेक्षा झडप बंद बरी. वन्संनी सुस्कारा सोडला आणि मिठाची बरणी हलवली.

शुक्रवारी सकाळी मी वरच्या खोलीतली चटई ओल्या फडक्याने पुसत होते. आमच्या वरच्या खिडकीला खाली भिंत नाही, ती जमिनीपासूनच सुरू होते. बाहेरून गुडघ्याएवढा लाकडी कठडा, उभ्या गजांचा. कोपऱ्यातला डाग जाईना म्हणून मी पार वाकले, गाल जवळजवळ चटईला टेकला, आणि सहज गजांमधून बाहेर बघितलं. समोरची पाटी. पण धूळ दिसेना. धूळ पाटीच्या वरच्या कडेवर असते आणि मला पाटीची खालची कड दिसत होती. मी उठून खाटेच्या उशाशी डोकं नेऊन बघितलं, तर धूळ. परत खाली आडवी झाले, तर खालची कड. सासरे म्हणाले, तुला चक्कर येतेय का? मी म्हटलं, तुम्ही गप्प पडा जरा. आणि फडकं तिथेच टाकून जिना उतरले.

पालखी वाहणाऱ्यांचा मुख्य म्हणजे इवाबुची, आमच्या गल्लीच्या मंडळाचा अध्यक्ष. त्याचं वाम माशांचं हॉटेल आहे, आणि तो माझ्या नवऱ्याचा शाळेपासूनचा मित्र. देवळाच्या मागच्या बाजूला मंडळाच्या मांडवात पालखीचे दांडे दोरांनी आवळायचं काम चाललं होतं. भाड्याचे किमोनो घालून फिरणाऱ्या पाहुण्या मुली भोवती घोळका करून उभ्या होत्या. त्यांना कोपराने बाजूला सारत मी आत गेले आणि इवाबुचीला सांगितलं की उद्या आमच्या घरासमोर पालखी हातांवर उचला.

नुसती खांद्यावरून जाते तेव्हा पालखी खाली असते. मान द्यायचा असला की टिपऱ्या वाजतात आणि सगळे जण हात सरळ वर करून दांडे डोक्याच्या वर धरतात. तेव्हा पालखीच्या छपरावरचा सोन्याचा पक्षी बराच उंच जातो.

इवाबुची म्हणाला, "वहिनी, तुमच्या गल्लीत उचलायची नाही. किचिझोकाकांचाच नियम आहे."

खरंच होतं ते. मागे ते अध्यक्ष असताना आमच्या गल्लीत पालखी उचलली आणि पक्षी विजेच्या तारांत अडकला. ऐन उत्सवात गल्लीत अंधार, आणि इवाबुचीच्या वडिलांचे फ्रीजमधले सगळे मासे फुकट गेले. तेव्हा सासऱ्यांनी ठरवून टाकलं की या गल्लीत पुन्हा उचलायची नाही. मी म्हटलं, तेव्हा तारा लोंबत होत्या, आता त्या वर बांधल्यात. आणि नियम त्यांचा असला तरी अध्यक्ष तुम्ही, की त्या खुर्चीवर अजून तेच बसलेत? दोर आवळणारे हसले. इवाबुचीचे कान लाल झाले.

मग मी सगळं सांगितलं. म्हाताऱ्याला खाटेवरून जमिनीवर घ्यायचं, डोकं खिडकीशी. पालखी हातांवर असेल तर पक्षी त्यांच्या डोळ्यांच्या वर राहील. खांद्यावर आली की खाली जाईल. म्हणून पालखी उचलल्यावरच झडप उघडायची आणि ती बंद होईपर्यंत पालखी खाली आणायची नाही. इवाबुचीने मान खाजवली. म्हणाला, तुमची गल्ली फेरीच्या शेवटी येते, तोवर पोरांच्या हातांत जीव राहत नाही. तशात झडप बंद होईपर्यंत धरून ठेवायची? आणि पक्षी खरंच वर राहील हे तुम्हाला कुणी सांगितलं?

यावर दोर आवळणाऱ्यांतला एक वयस्कर माणूस, आमच्या मागच्या गल्लीतला चटयावाला, म्हणाला, "त्यांनी माझ्या आईला गच्चीवरून उतरवलं होतं. एकदा त्यांनाही आडवं होऊ दे की."

सगळे पुन्हा हसले, इवाबुचीसुद्धा. म्हणाला, दोर आवळून झाले की आम्ही एकदा उचलून बघतोच, तेव्हा माप घेऊन टाका.

मी घरी धावले आणि कपडे वाळवायचा लांब बांबू घेऊन आले. देवळाच्या रस्त्यातून तो बांबू आडवा नेणं म्हणजे काय ते विचारू नका. एका पाहुण्याची टोपी उडाली, एका मुलीच्या हातातला आईस्क्रीमचा कोन गेला. मी सगळ्यांची माफी मागत आणि मनात शिव्या देत चालले होते. मांडवात पालखी खांद्यावर घेतली तेव्हा मी बांबू शेजारी उभा धरून पक्ष्याच्या चोचीच्या उंचीवर पांढरा धागा बांधला. टिपऱ्या वाजल्या, हात वर गेले, तेव्हा लाल. ताबी शिवायचा जाड धागा, सुटणारा नव्हे.

घरासमोर बांबू उभा करून मी वन्संना हाक मारली आणि वर जाऊन खिडकीत आडव्या व्हा म्हटलं. त्या रेशमी कपड्यात होत्या. म्हणाल्या, मी आणि जमिनीवर? म्हटलं, वन्सं, बाप तुमचा आहे. मग झोपल्या. गजांमधून त्यांचं नाक तेवढं दिसत होतं. पांढरा धागा त्यांना खाली दिसला, वाकून बघावा लागला. लाल धागा डोळ्यांच्या वर होता. वीतभर असेल, जास्त नाही. तारा त्याच्याही खूप वर होत्या. वन्संनी आतून "वर आहे, वर आहे" असं इतक्या जोरात सांगितलं की समोरचा दुकानदार बाहेर आला.

आता म्हाताऱ्याला सांगणं आलं. लपवून काही होणार नव्हतं, त्यांनी सगळं ऐकलंच होतं. मी खाटेशी बसले आणि नीट समजावून सांगितलं. ते छताकडे बघत राहिले. वन्संना गप्प बसवेना. त्या म्हणाल्या, पण बाबा, देव पालखीच्या आत असतो ना, पक्षी तर नुसता छपरावर. मला त्या क्षणी त्यांच्या तोंडात खरबुजाची फोड कोंबावीशी वाटली.  हे सगळं त्यांच्या एका शब्दावर होतं. ते नाही म्हणाले असते तर बांबू परत कपड्यांना आणि झडपा बंद.

शेवटी त्यांनी विचारलं, "धागा चोचीला बांधलास की तुऱ्याला?"

"चोचीला."

"तुऱ्याला बांधला असतास तर फसलो असतो." मग म्हणाले, "उंची डोक्यावरून धरतात. माणसाचीही आणि पालखीचीही. डोकं वर असलं की झालं."

इतकी वर्षं लोकांना उतरवणारा म्हातारा स्वतःची वेळ आली तेव्हा बरोबर वकील झाला. पण मी हसले नाही. मला रडू येत होतं आणि ते मला वन्संसमोर नको होतं. मी म्हटलं, बरं. मग लगेच त्यांच्या अटी सुरू झाल्या. उशी पातळ हवी. झडप दुसऱ्या टिपरीनंतर, आधी नाही. आणि पालखी खाली यायच्या आत बंद. मध्ये पापणी लवेपर्यंत जरी मी वर आणि देव खाली झाला, तर मी तुझ्या हातचं जेवणार नाही. मी म्हटलं, हे आज सांगताय? तुम्ही इतकी वर्षं जेवताय कुठे, नावंच तर ठेवताय.

शनिवारी सकाळी इवाबुची आणि चटयावाला गल्लीच्या निळ्या डगल्यांत वर आले. दुकानात कापड बेतायची लांब फळी आहे, तिच्यावर चादरीसकट सासऱ्यांना सरकवलं आणि जमिनीवर घेतलं. त्यांच्या तोंडून हूं की चूं निघालं नाही, फक्त कपाळावर घाम आला. नंतर इवाबुचीच्या पायांकडे बघून म्हणाले, डाव्या ताबीचा हूक नीट लाव. तो म्हणाला, लावतो, काका. जिना उतरताना तो माझ्याकडे न बघता उतरला.

मी सणाचा लाल दाण्यांचा भात केला होता, तो चार घास भरवला. झडपेच्या खोबणीत मेणबत्ती घासून ठेवली होती, म्हणजे अडकायला नको. वन्सं खाली दारात थांबल्या. घरातलं कुणीतरी दारात हवं, आणि पालखी आली की जिन्याखालून मला हाक घालायचं त्यांनी कबूल केलं होतं. वर आम्ही दोघंच. झडप लावून घेतली, खोलीत अंधार झाला. फटीतून उजेडाच्या बारीक रेघा चटईवर पडल्या होत्या.

दुपार कलंडली तशा आरोळ्या ऐकू यायला लागल्या. त्या दिवशी सगळ्याच गल्ल्यांच्या पालख्या बाहेर असतात, एक आवाज इकडून, एक तिकडून. खालची गर्दी इतकी वाढली की जिन्याखालून वन्सं हाक मारताहेत की कुणी पाहुणा रस्ता विचारतोय, काही कळेना.  एवढ्यात अगदी जवळ टिपऱ्या वाजल्या, एक, दोन. मी झडपेला हात घातला.

"आपल्या नाहीत," सासरे डोळे मिटून म्हणाले. "मागच्या गल्लीच्या. आपल्या टिपऱ्या जड आहेत."

मी हात काढला.  ओढली असती तर खाली गल्लीत माणसांची डोकी तेवढी दिसली असती, पण त्या क्षणी मला वाटलं की सगळं संपलंच असतं. ते म्हणाले, घाई करू नकोस. आवाजात चिडचिड नव्हती. मला असल्या आवाजाची सवयच नाही.

मग आमची आली. जमीन आधी कळवते, बाकीचं मागून. इतक्या पायांचा ठेका एकदम पडला की आमच्या जुन्या घराचे वासे थरथरतात, खाली दुकानातल्या पत्र्याच्या डब्यांचा आवाज होतो. आरोळी गल्लीत शिरली, भिंतींना घासत पुढे आली आणि आमच्या दाराशी येऊन जागच्या जागी नाचायला लागली. वन्संची हाक ऐकू आली, ती फाटलेली होती. एक टिपरी. आरोळी थांबली. दुसरी टिपरी. आणि खालून सगळ्यांचा मिळून तो आवाज आला, जो हात वर जाताना येतो.

मी झडप ओढली. मेणामुळे ती सरकन गेली.

एकदम एवढा उजेड आला की मला आधी काही दिसेना. मग दिसला पक्षी. कठड्यापासून हातभर अंतरावर, पंख पसरलेला, ऊन लागून पिवळाजर्द. त्याच्या चोचीत भाताची हिरवी लोंबी होती, ती हलत होती. पालखी माणसांच्या हातांवर थरथरत होती, त्यामुळे पक्षीही थरथरत होता. मी सासऱ्यांकडे बघितलं. त्यांचे डोळे उघडे होते आणि वर बघत होते. खरंच वर. मी मापलं होतं, बांबूने मापलं होतं, तरी मला तो चमत्कार वाटला.

तेवढ्यात त्यांची नजर पक्ष्यावरून माझ्याकडे वळली. मी झडपेशी उभी होते. पायांवर, सरळ, आणि मान वाकवून खाली पक्ष्याकडे बघत होते.

"फुसाए," ते म्हणाले, "खाली हो."

मी झाले. काही विचार न करता जिथे होते तिथे गुडघे टेकले आणि चटईवर आडवी झाले, त्यांच्या शेजारी. खिडकीत जागा तेवढीच, त्यामुळे माझं डोकं त्यांच्या डोक्याला लागलं. इतक्या वर्षांत मी त्यांना औषध दिलंय, पुसलंय, कपडे बदललेत, पण अशी शेजारी कधी पडले नव्हते. त्यांनी मान जराशी पलीकडे सरकवली. दुखलं असणार. पातळ उशीचा अर्धा भाग मोकळा झाला. मी त्यावर डोकं ठेवलं.

"दिसतं का तुला?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. दिसत नव्हतं. डोळ्यांत पाणी आल्याने नुसतं पिवळं पिवळं दिसत होतं. खालून चटयावाल्याचा का कुणाचा घसा ताणलेला आवाज येत होता, सगळे एकमेकांना धरा, धरा म्हणत होते. पालखीचं एक टोक झुकलं, पक्षी हळूहळू खाली यायला लागला, आमच्या डोळ्यांपर्यंत आला, आणि इवाबुचीने अशी काही आरोळी ठोकली की तो पुन्हा वर गेला. मी तशीच पडून राहिले. झडपेचं माझ्या मनातूनच गेलं होतं. मला तिथून उठायचंच नव्हतं.

"लाव आता," सासरे म्हणाले. "पोरांचे हात तुटतील."

उभी राहिले असते तर पुन्हा डोक्यावर. म्हणून आडव्यानेच पाय लांब केला आणि झडपेला लाथ घातली. मेणबत्तीची कृपा, ती धाडकन बंद झाली. त्याच क्षणी खाली टिपऱ्या वाजल्या, दांडे खांद्यांवर पडल्याचा आवाज आला आणि आरोळी पुन्हा सुरू होऊन पुढे निघाली. वन्सं दारात हुंदके देत होत्या. ते गल्लीभर ऐकू जात होतं.

अंधारात आम्ही दोघं तसेच पडून होतो. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. आभार नाही, ते त्यांच्या रक्तात नाही, पण काहीतरी. 

मग म्हणाले, "कठड्याचा तो मधला गज. नेमका पक्ष्याच्या मानेपुढे येतो. पुढच्या वर्षी तेवढा काढून टाक."

मी म्हटलं, काढते.

पावसाचे दिवस संपायच्या आत ते गेले. म्हणाले होते तसे खिडकीतूनच गेले. जिन्यातून पेटी उतरेना, म्हणून इवाबुचीने आणि पोरांनी कठडा सोडवला आणि दोरांवर धरून त्यांना अलगद गल्लीत घेतलं. दुसऱ्या दिवशी सुतार कठडा परत बसवायला आला. बाकीचे सगळे गज जागच्या जागी ठोकून झाले आणि शेवटचा, मधला गज त्याने हातात घेतला. मी तो त्याच्या हातातून घेतला आणि त्याला म्हटलं, एवढी जागा मोकळीच राहू दे.